तारो आसो यांची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमध्ये पंतप्रधान बदलला की बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात एक नाव हमखास डोकावतं: तारो आसो. कधी ‘माजी पंतप्रधान’ म्हणून, कधी ‘माजी अर्थमंत्री’ म्हणून, कधी ‘पक्षाचे उपाध्यक्ष’ म्हणून, तर कधी नुसतंच ‘वादग्रस्त विधान करणारे ज्येष्ठ नेते’ म्हणून. हे सगळे एकच गृहस्थ. त्यांच्याबद्दल नेहमी विचारलं जातं ते इथे एका जागी मांडलं आहे.

थोडक्यात सांगायचं तर हे कोण?

जन्म २० सप्टेंबर १९४०, क्युशू बेटावरच्या फुकुओका प्रांतातल्या इझुका शहरात. लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष, म्हणजे एलडीपीचे नेते. १९७९ मध्ये पहिल्यांदा खासदार झाले आणि १९८३ ते १९८६ ही तीन वर्षं सोडली तर तेव्हापासून संसदेत आहेत. २००८-०९ मध्ये जेमतेम वर्षभर पंतप्रधान, २०१२ ते २०२१ उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री.

त्यांची ओळख ‘माजी पंतप्रधान’ अशी करून दिली जाते ती मला पटत नाही. पंतप्रधानपद हा त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात पडका काळ. सत्ता त्यांनी खरी गाजवली ती दोन नंबरच्या खुर्चीतून, आणि पुढे खुर्ची नसतानाही.

घराणं मोठं आहे म्हणतात. किती मोठं?

जपानी राजकारणात घराणेशाही नवी नाही, पण इतकी गच्च विणलेली कुंडली तिथेही विरळाच. आजोबा, म्हणजे आईचे वडील, शिगेरु योशिदा. दुसऱ्या महायुद्धानंतर बेचिराख झालेला देश सावरणारे, अमेरिकेशी सुरक्षा करार करणारे पंतप्रधान. त्याच बाजूने चार पिढ्या मागे गेलं की एकोणिसाव्या शतकातल्या मेइजी काळातले बडे नेते ओकुबो तोशिमिची भेटतात. ते आसोंचे खापरपणजोबा. पत्नी चिकाको या माजी पंतप्रधान झेंको सुझुकी यांच्या कन्या. धाकटी बहीण नोबुको हिचं लग्न राजघराण्यातल्या मिकासा शाखेचे राजपुत्र तोमोहितो यांच्याशी झालं. म्हणजे आजोबा पंतप्रधान, सासरे पंतप्रधान, मेहुणे राजपुत्र.

वडिलांकडे पैसा. चिकुहो हा इझुकाभोवतालचा भाग एकेकाळी जपानचा कोळशाचा पट्टा होता आणि आसो घराणं तिथलं कोळसासम्राट. कोळसा संपत आला तसा धंदा सिमेंटकडे वळला. इस्पितळं, शिक्षण असा पसारा वाढत गेला. वडील ताकाकिची आसो स्वतःही काही काळ खासदार होते.

एक गोष्ट मराठी वाचकाला चकित करेल. उजव्या विचारांचा हा जपानी नेता धर्माने कॅथलिक ख्रिश्चन आहे. जपानमध्ये ख्रिश्चनांचं प्रमाण जेमतेम एक टक्क्याच्या आसपास.

राजकारणात येण्याआधी काय करत होते?

राजघराण्यातली मुलं जिथे शिकत त्या गाकुशुइन विद्यापीठातून १९६३ मध्ये पदवी, मग अमेरिकेत स्टॅनफर्ड आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये थोडं शिक्षण. घरच्या कंपनीत रुजू झाल्यावर पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये हिऱ्यांच्या खाणीच्या कामासाठी सुमारे दोन वर्षं राहिले. १९७३ मध्ये आसो सिमेंटचे अध्यक्ष झाले.

आणि हो, ऑलिंपिकमध्ये खेळलेत ही अफवा नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजीत उतरले आणि ४१वे आले.

मंत्रिपदं कोणकोणती भूषवली?

१९९६ मध्ये हाशिमोतो मंत्रिमंडळात आर्थिक नियोजन संस्थेचे प्रमुख म्हणून पहिल्यांदा मंत्री. २००१ च्या सुरुवातीला मोरी सरकारात काही महिने आर्थिक धोरण. मग जुनिचिरो कोइझुमींच्या काळात पक्षाच्या धोरण समितीचे अध्यक्ष, २००३ पासून अंतर्गत व्यवहार आणि दळणवळण मंत्री, आणि ऑक्टोबर २००५ ते ऑगस्ट २००७ परराष्ट्रमंत्री. मधूनमधून पक्षाचं सरचिटणीसपद. अर्थखातं आलं ते सगळ्यात शेवटी, पंतप्रधानपदाच्याही नंतर.

पंतप्रधान व्हायला चार वेळा प्रयत्न करावा लागला का?

हो. एलडीपीचा अध्यक्ष तोच सहसा पंतप्रधान, त्यामुळे खरी कुस्ती पक्षातच होते. २००१ मध्ये कोइझुमींपुढे टिकाव लागला नाही. २००६ मध्ये शिंझो आबेंना ४६४ मतं, आसोंना १३६. पुढच्याच वर्षी यासुओ फुकुदांना ३३०, आसोंना १९७. फुकुदांनी वर्षभरात राजीनामा दिला आणि सप्टेंबर २००८ मध्ये मात्र ५२५ पैकी ३५१ मतं घेऊन आसो सहज निवडून आले. याच निवडणुकीत २५ मतं घेऊन तळाला राहिलेला उमेदवार होता शिगेरु इशिबा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग एका वर्षात असं काय बिघडलं?

सगळंच. पण अनुक्रमाने पाहू.

पक्षाने त्यांना निवडलं ते मुळी निवडणूक जिंकून देण्यासाठी. आधीच्या दोन पंतप्रधानांनी वर्ष-वर्षभरात पळ काढलेला, वरिष्ठ सभागृहात विरोधकांचं बहुमत. अपेक्षा अशी होती की आसो लोकप्रिय आहेत तोवर, ताबडतोब, कनिष्ठ सभागृह विसर्जित करावं. पण ते पदावर आले २४ सप्टेंबर २००८ ला; अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळून तेव्हा नऊ दिवस झाले होते. जगभर बाजार गडगडत असताना निवडणूक लावणं त्यांना बरोबर वाटलं नाही. निर्णय बेजबाबदार नव्हता, पण राजकीयदृष्ट्या तोच नडला. एकदा मुहूर्त टळला तो टळलाच.

मग बारीकसारीक गोष्टींनी घेरलं. ऑक्टोबर २००८ मध्ये संसदीय समितीत एका महिला खासदाराने विचारलं, कप नूडल्सचा एक कप केवढ्याला मिळतो? आसो म्हणाले, “४०० येन असेल?” तेव्हा तो १७० येनच्या आसपास होता. त्याच सुमारास ते जवळजवळ रोज रात्री महागड्या हॉटेलांच्या बारमध्ये बसतात अशी बातमी आली. त्यावर त्यांचं उत्तर असं की हॉटेलचे बार स्वस्त असतात, आणि पैसे मी माझेच देतो. मंदीत नोकऱ्या जात असताना लोकांना हे कसं लागलं असेल! नोव्हेंबरमध्ये लिहून दिलेली भाषणं वाचताना ते नेहमीच्या वापरातले शब्द चुकीचे उच्चारू लागले आणि वृत्तवाहिन्यांना रोजचा खुराक मिळाला.

त्यानंतर फेब्रुवारी २००९. रोममध्ये जी-७ बैठकीनंतरच्या पत्रकार परिषदेत अर्थमंत्री शोइची नाकागावा अडखळत, डोळे मिटत उत्तरं देताना जगाने पाहिले. सर्दीच्या औषधांचा परिणाम, असा त्यांचा खुलासा. आसोंनी आधी पाठीशी घातलं, मग १७ फेब्रुवारीला राजीनामा घ्यावाच लागला. काही चाचण्यांत सरकारची लोकप्रियता १० टक्क्यांखाली गेली.

जुलैमध्ये टोकियो महानगर विधानसभा हातची गेली. स्वतःच्याच मंत्रिमंडळातून ‘पायउतार व्हा’ असा सूर निघाला. त्यात कृषिमंत्री इशिबा होते. ३० ऑगस्ट २००९ च्या निवडणुकीत ४८० पैकी एलडीपीच्या वाट्याला ११९ जागा आल्या, डेमोक्रॅटिक पक्षाला ३०८. चार वर्षांपूर्वी एलडीपीने २९६ जिंकल्या होत्या. १९५५ मध्ये पक्ष स्थापन झाल्यापासून इतका दणदणीत पराभव झाला नव्हता.

त्या वर्षात चांगलं काहीच झालं नाही?

झालं की. अर्थव्यवस्थेला चालना देण्यासाठी मोठमोठे पॅकेज आले: प्रत्येकाला १२,००० येन रोख, १८ पर्यंतच्या मुलांना आणि ६५ व त्यावरच्यांना २०,००० येन; सुट्टीच्या दिवशी टोल कितीही अंतराला १,००० येन; वीज वाचवणारी उपकरणं घेणाऱ्यांना ‘इको पॉइंट’. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला १०० अब्ज डॉलरपर्यंत कर्ज देण्याची तयारी जपानने दाखवली, ती संकटकाळात मोलाची होती. व्हाइट हाउसमध्ये ओबामांना भेटणारे पहिले परदेशी नेतेही आसोच. मतपेटीत यातलं काहीच कामी आलं नाही.

भारताशी त्यांचा काही संबंध आला का?

दोनदा, आणि दोन्ही वेळा महत्त्वाचा.

परराष्ट्रमंत्री असताना ३० नोव्हेंबर २००६ च्या भाषणात त्यांनी ‘स्वातंत्र्य आणि समृद्धीची कमान’ ही कल्पना मांडली. ईशान्य आशियापासून मध्य आशियामार्गे युरोपपर्यंतच्या लोकशाही देशांची साखळी जपानने जोडावी, असा तिचा आशय. चीनचं नाव न घेता चीनभोवती काढलेली रेघ, असं टीकाकार तेव्हाच म्हणाले. त्यांच्याच कार्यकाळात, मे २००७ मध्ये, मनिलात भारत, जपान, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या अधिकाऱ्यांची पहिली चतुष्कोणी बैठक झाली. आज ज्याला ‘क्वाड’ म्हणतात त्याची ती सुरुवात. श्रेय आबेंना जातं, ते योग्यही आहे, पण खातं आसोंकडे होतं.

दुसरा प्रसंग ऑक्टोबर २००८ चा. पंतप्रधान मनमोहन सिंग टोकियोत होते. २२ ऑक्टोबरला दोघांनी सुरक्षा सहकार्याच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियानंतर जपानने असा जाहीरनामा केला तो भारताशी. त्याच भेटीत पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गिकेसाठी ४५० अब्ज येनच्या कर्जाची घोषणा झाली. उत्तर प्रदेशातल्या दादरीपासून न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरापर्यंतचा सुमारे १,५०० किलोमीटरचा हाच तो मार्ग. वैतरणा ते जेएनपीटी हा महाराष्ट्रातला टप्पा सगळ्यात शेवटी उरला.

एवढ्या पराभवानंतर पुन्हा मंत्री कसे झाले?

जपानमध्ये माजी पंतप्रधान सहसा मानाने बाजूला होतात. आसो झाले नाहीत. २०१२ च्या पक्षाध्यक्ष निवडणुकीत त्यांनी आबेंना पाठिंबा दिला, तेव्हा आबेंच्या पुनरागमनावर फार कोणी पैज लावत नव्हतं. डिसेंबर २०१२ मध्ये एलडीपी सत्तेत परतला आणि आबेंनी आसोंना उपपंतप्रधान, अर्थमंत्री आणि वित्तीय सेवा खात्याचे मंत्री केलं. ते ४ ऑक्टोबर २०२१ पर्यंत तिथेच राहिले. जवळपास पावणेनऊ वर्षं. युद्धोत्तर जपानमध्ये इतका काळ सलग अर्थमंत्री कोणी राहिलं नाही. त्याआधीच्या काळात तर अर्थमंत्र्यांच्या खोलीवरची पाटी वर्षाला बदलायची.

अर्थमंत्री म्हणून त्यांनी केलं काय?

‘आबेनॉमिक्स’, म्हणजे मरगळलेल्या अर्थव्यवस्थेला चालना देण्याचं धोरण, हे नाव आबेंचं. संसदेत रोज उठून त्याची उत्तरं देण्याचं काम आसोंचं. जानेवारी २०१३ मध्ये सरकार आणि बँक ऑफ जपान यांनी २ टक्के महागाईचं उद्दिष्ट ठेवणारं संयुक्त निवेदन काढलं. कंपनी कर टप्प्याटप्प्याने खाली आला.

पण त्यांच्या कारकिर्दीची खरी परीक्षा उपभोग करात झाली, म्हणजे आपल्या जीएसटीच्या जातीच्या करात. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीपेक्षा जास्त, म्हातारी लोकसंख्या वाढती, त्यामुळे अर्थखात्याला कर वाढवायचाच होता. एप्रिल २०१४ मध्ये ५ चे ८ टक्के झाले आणि खरेदी एकदम थंडावली. पुढची वाढ आबेंनी दोनदा लांबणीवर टाकली. आसो जाहीरपणे कर वाढवण्याच्या बाजूचे, पण पंतप्रधानांनी ठरवल्यावर त्यांनी मोडता घातला नाही. शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये १० टक्के लागू झाला, खाद्यपदार्थांसाठी दर ८ टक्केच ठेवून. जपानमध्ये या करापायी सरकारं पडली आहेत. एकाच अर्थमंत्र्याने दोनदा तो वाढवून खुर्ची टिकवणं ही साधी गोष्ट नाही.

करोनाच्या वेळी मात्र गंमत झाली. २०२० मध्ये सरसकट सगळ्यांना रोख रक्कम द्यायला त्यांचा विरोध होता. कारण? २००९ मध्ये मी दिली होती, लोकांनी बँकेत ठेवली. स्वतःच्याच योजनेचा दाखला स्वतःविरुद्ध देणारे मंत्री विरळा. त्यांचं चाललं नाही. प्रत्येकाला १,००,००० येन मिळाले.

मोरितोमो प्रकरण काय होतं, आणि त्यात ते कसे वाचले?

ओसाकाजवळच्या तोयोनाका शहरातली सरकारी जमीन. किंमत ९५.६ कोटी येन ठरलेली, पण जमिनीखाली कचरा आहे म्हणून सूट देत देत ती १३.४ कोटींना मोरितोमो नावाच्या एका शिक्षणसंस्थेला विकली. त्या संस्थेच्या नियोजित शाळेच्या मानद मुख्याध्यापिका म्हणून पंतप्रधानांच्या पत्नीचं नाव होतं. मार्च २०१८ मध्ये अर्थखात्याने कबूल केलं की या व्यवहाराच्या १४ दस्तऐवजांत नंतर फेरफार केले गेले. नेत्यांची आणि पंतप्रधानांच्या पत्नीची नावं असलेला मजकूर गाळला गेला. फेरफार करायला भाग पाडल्या गेलेल्या एका स्थानिक कर्मचाऱ्याने आत्महत्या केली.

कुठल्याही देशात खात्याच्या मंत्र्याने यावर राजीनामा द्यावा, अशी ही बाब. राष्ट्रीय कर संस्थेचे प्रमुख नोबुहिसा सागावा गेले. आसोंनी वर्षभराचं मंत्रिपदाचं मानधन परत केलं आणि पदावर राहिले. ते गेले असते तर पाठोपाठ आबेंवरच वेळ आली असती, म्हणून दोघांनी एकमेकांना धरून ठेवलं, असंच तेव्हा बहुतेकांनी लिहिलं. मलाही दुसरं कारण दिसत नाही.

त्यांची वादग्रस्त विधानं इतकी गाजतात, ती कोणती?

सगळी द्यायची तर वेगळं पान लागेल. जिभेला हाड नाही, एवढंच. जानेवारी २०१३ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांवरच्या खर्चाबद्दल बोलताना त्यांना ‘लवकर मरू द्यावं’ अशा अर्थाचं बोलले. त्याच वर्षी जुलैत राज्यघटना बदलाच्या संदर्भात नाझींच्या पद्धतीतून शिकता येईल अशा आशयाचं विधान केलं आणि ते मागे घेतलं. २०१७ मध्ये पुन्हा हिटलर, पुन्हा माघार. २०१८ मध्ये ‘लैंगिक छळ नावाचा गुन्हाच नाही’. २०२० मध्ये टोकियो ऑलिंपिकला ‘शापित’ म्हणाले: १९४० चं रद्द, १९८० चं बहिष्कारात, आता हे. जानेवारी २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्री योको कामिकावा यांच्या कामाचं कौतुक करताना त्यांच्या रूपावर घसरले, तेही मागे घ्यावं लागलं.

बोलण्यापेक्षा गंभीर एक कृती होती, तिची चर्चा कमी होते. २०१९ मध्ये वित्तीय सेवा खात्याच्या अभ्यासगटाने हिशेब मांडला: निवृत्त जोडप्याला पेन्शनच्या वर ३० वर्षांत सुमारे २ कोटी येन लागतील. अहवाल मागवणारे मंत्री आसो. लोक भडकल्यावर तो अहवाल स्वीकारायलाच त्यांनी नकार दिला. आकडे मात्र नकारामुळे बदलले नाहीत.

तोंडाचा हा वारसाही आजोळचा असावा. १९५३ मध्ये पंतप्रधान योशिदा संसदीय समितीत एका खासदाराला पुटपुटत ‘मूर्ख’ म्हणाले आणि त्यापायी सभागृह विसर्जित करण्याची पाळी आली. नातवाच्या काळात तेवढ्याने काही होत नाही.

‘परंपरावादी’ म्हणजे त्यांच्या बाबतीत नेमकं काय?

राष्ट्र, राजघराणं, घटना बदल या मुद्द्यांवर पक्के उजवे. २००५ मध्ये जपान म्हणजे ‘एक वंश, एक भाषा, एक संस्कृती’ असं म्हणाले. २०२० मध्ये तसंच बोलल्यावर माफी मागावी लागली, कारण आदल्याच वर्षी उत्तर जपानमधल्या आइनू समाजाला मूळनिवासी मानणारा कायदा त्यांच्याच सरकारने केला होता. एप्रिल २०१३ मध्ये उपपंतप्रधान असताना, युद्धात मेलेल्यांच्या आणि त्यांच्याबरोबर युद्धगुन्हेगारांच्याही स्मृतीचं स्थान असलेल्या यासुकुनी मंदिरात गेले आणि दक्षिण कोरियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दौरा रद्द केला.

पण चित्र एकरंगी नाही. पंतप्रधान असताना ते यासुकुनीला गेले नाहीत, नैवेद्य पाठवून थांबले. २००६ मध्ये तर यासुकुनीचं धार्मिक स्वरूप काढून ते राज्याच्या देखरेखीखालचं स्मारक करावं, अशी सूचना त्यांनी केली होती.

घराण्याचा भूतकाळही मागे लागला. युद्धकाळात आसो घराण्याच्या खाणीत ३०० युद्धकैदी राबवले गेले होते: १९७ ऑस्ट्रेलियन, १०१ ब्रिटिश, २ डच. हजारो कोरियन मजूर वेगळेच. ते पंतप्रधान असताना सरकारी कागदपत्रंच बाहेर आली, तेव्हा युद्धकैद्यांची गोष्ट त्यांना संसदेत मान्य करावी लागली.

ते खरंच कॉमिक्स वाचतात?

खरंच. गाडीत मांगाचे अंक घेऊन फिरणारे मंत्री म्हणून त्यांची ख्याती. २००७ मध्ये परदेशी चित्रकारांसाठी आंतरराष्ट्रीय मांगा पुरस्कार त्यांच्या पुढाकाराने सुरू झाला. टोकियोतल्या अकिहाबारा या मांगाप्रेमींच्या भागात तरुण त्यांच्या सभांना गर्दी करत. मात्र मांगा-अॅनिमेशनसाठी ११.७ अब्ज येनची राष्ट्रीय इमारत बांधायची योजना ‘सरकारी मांगा कॅफे’ म्हणून हिणवली गेली आणि सत्ताबदलानंतर बारगळली.

मंत्रिपद नसताना त्यांचं ऐकतात का?

ऐकतात, कारण त्यांच्यामागे माणसं आहेत. एलडीपीमध्ये गट म्हणजे पक्षातला पक्ष: निधी, पदं, मतं सगळं तिथून ठरायचं. २००६ मध्ये त्यांनी स्वतःचा गट उभा केला, २०१७ मध्ये इतर छोटे गट सामावून तो मोठा केला. २०२३-२४ मध्ये गटांच्या काळ्या पैशाचं प्रकरण फुटलं, पंतप्रधान फुमियो किशिदांनी आपला गट मोडला, एकेक गट विसर्जित झाला. आसोंनी मोडला नाही. आता तोच काय तो उरला.

२०२१ मध्ये अर्थखातं सोडलं तेव्हा नवे अर्थमंत्री झाले शुनिची सुझुकी, त्यांच्या पत्नीचे भाऊ. आसो पक्षाचे उपाध्यक्ष. ऑगस्ट २०२३ मध्ये तैपेईत जाऊन तैवान सामुद्रधुनीसाठी ‘लढण्याची तयारी’ हवी असं बोलून आले. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कला ट्रम्प टॉवरमध्ये जाऊन ट्रम्पना भेटले, तेव्हा ट्रम्प सत्तेत नव्हते.

सप्टेंबर २०२४ च्या पक्षाध्यक्ष निवडणुकीच्या अंतिम फेरीत त्यांनी सनाए ताकाइचींना बळ दिलं, पण जिंकले इशिबा. २००९ मध्ये ‘पायउतार व्हा’ म्हणणारे तेच. आसोंना सर्वोच्च सल्लागार हे शोभेचं पद मिळालं. नव्या पदाधिकाऱ्यांचा एकत्र फोटो काढायची वेळ आली तेव्हा ते फोटोला न थांबता निघून गेले.

वर्षभरात इशिबा गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आसोंचा गट पुन्हा ताकाइचींच्या मागे उभा राहिला आणि या वेळी शिंजिरो कोइझुमींना हरवून त्या जिंकल्या, जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या.

निवृत्तीचा काही विचार?

दिसत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये फुकुओकाच्या आठव्या मतदारसंघातून ते पंधराव्यांदा निवडून आले. ताकाइचींनी पक्षाची सूत्रं हाती घेताच पंच्याऐंशी वर्षांच्या आसोंना पुन्हा उपाध्यक्ष केलं, आणि सरचिटणीसपद दिलं त्यांच्या मेहुण्यांना, शुनिची सुझुकींना.